परीक्षणात दुरुस्तीचीही माहिती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात नव्या फोन-लॅपटॉपची परीक्षणं नियमित येतात. कॅमेरा कसा, पडदा कसा, बॅटरी किती तास पुरते, सगळं असतं. वस्तू बिघडली तर ती उघडता येईल का, हे मात्र कुठेच सापडत नाही. त्यासाठीच हे पत्र.

गेल्या वर्षी माझ्या मॉनिटरचा दिवा नुसता लुकलुकायचा, चित्र यायला दहा-दहा मिनिटं लागायची. पुढे तेही येईना. दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगून टाकलं, ‘बोर्ड गेलाय, त्यापेक्षा नवाच घ्या.’ मला ते पटेना. प्लग काढून मॉनिटर रात्रभर तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मागचं झाकण काढलं. पॉवर सप्लायच्या बोर्डावर दोन कॅपॅसिटरची, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची, डोकी फुगलेली होती; एकाच्या माथ्यावरच्या खाचेतून तपकिरी, डिंकासारखं काहीतरी बाहेर येऊन वाळलं होतं. बाकी बोर्डाला कुठेही काळा डाग नाही. त्याच क्षमतेचे, त्याच व्होल्टेजचे, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे दोन नवे कॅपॅसिटर आणले. कॅपॅसिटरवरच्या पट्टीची बाजू ऋण, हे दोनदा बघून घेतलं आणि सोल्डर केले, म्हणजे वितळवलेल्या धातूने बोर्डाला जोडले. मॉनिटर आजही रोज चालतो.

या कॅपॅसिटरमधला द्रव उष्णतेने सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणून उपकरणाचे झरोके धुळीने बुजू देऊ नयेत. पुष्कळ दुरुस्त्या तिथेच टळतात.

प्रत्येकाने सोल्डरिंग करावं, असं मी म्हणत नाही. मायक्रोवेव्हला तर घरी हात लावूच नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली गेली तर पेट घेऊ शकते. अशी कामं जाणकाराकडेच द्यावीत, आणि वस्तू दुरुस्त झाली नाही तरी त्याला तपासणीचे पैसे द्यावेत. दोष शोधायलाच खरा वेळ आणि खरं कौशल्य लागतं. त्याची किंमत आपण देत नाही, मग ‘बोर्ड बदला’ हेच उत्तर मिळणार.

पण जाणकाराने तरी काय करावं? बॅटरी गोंदाने चिकटवलेली, सुटा भाग मिळत नाही, मिळाला तर सॉफ्टवेअर तो ओळखायला तयार नाही. पूर्वी कित्येक रेडिओंच्या मागच्या झाकणाच्या आत सर्किटची आकृती चिकटवलेली असायची. आज ती मागितली तर गोपनीय म्हणतात. याची मला मनापासून चीड येते. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातल्या चौथ्या हिश्शाचीही रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद नाही.

फ्रान्समध्ये २०२१ साली फोन, लॅपटॉप, टीव्ही अशा वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे १०पैकी गुण छापणं सक्तीचं झालं. आपल्या परीक्षणात गुण नसले तरी चालतील. झाकण स्क्रूचं की गोंदाचं, बॅटरी बदलता येते का, सुटे भाग किती वर्षं मिळणार, एवढ्या तीन ओळी कृपया छापाव्यात. कंपनी उत्तर देत नसेल, तर तसंही छापावं.

आपला,
एक नियमित वाचक