मगातला केक पुरे, आधी मग कुठला ते सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परत एकदा मायक्रोवेव्हमधला दोन मिनिटांत मगातला केक आलाय. रेसिपीबद्दल तक्रार नाही, पण "एका मगात मिश्रण घाला" एवढंच लिहिलंय, कुठल्या मगात ते नाही, आणि आमच्याकडे घोळ नेमका तिथेच झाला. सासूबाईंनी कौतुकाने शोकेसमधला सोनेरी काठाचा मोठा कप काढला, आमच्या लग्नात आलेला सेट, आणि बटण दाबल्यावर काही सेकंदात काठावर चट्‌चट् ठिणग्या उडायला लागल्या. सासूबाई आतून ओरडतायत "गॅस बंद कर गं आधी". गॅस कुठून बंद करणार, कप मायक्रोवेव्हमध्ये! ती सोनेरी रेघ म्हणजे धातूचाच पातळ थर असतो, त्यात करंट फिरतो आणि जिथे रेघ तुटलीये तिथे ठिणगी पडते. नशीब, कपच गेला फक्त.

आमचं मशीन कन्व्हेक्शनवालं आहे. घेतल्यावर डेमोला एक बाई घरी आल्या होत्या, त्यांनी केक दाखवला, ढोकळा दाखवला, नानकटाई दाखवली, भांड्यांबद्दल म्हणाल्या "मायक्रोवेव्ह सेफ वापरा मॅडम", झालं. पण खरी मेख पुढेच आहे, कारण एकाच डब्यात दोन वेगळी मशीनं असतात. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर लहरी थेट पदार्थातल्या पाण्याला तापवतात, तिथे काच, चिनी माती चालते, स्टीलची वाटी, चमचा, फॉइल नको. कन्व्हेक्शनवर तोच डबा साधा ओव्हन होतो, 180-200 डिग्रीची गरम हवा, तिथे ॲल्युमिनियमचा केकचा डबा बिनधास्त ठेवा, पण मायक्रोवेव्ह सेफ लिहिलेला प्लास्टिकचा डबा ठेवलात तर तो बसेल खाली, कारण असे डबे बहुतेक ज्या प्लास्टिकचे असतात ते पॉलिप्रॉपिलीन 160 च्या आसपासच वितळतं. म्हणजे धातू आणि प्लास्टिकचं एका बटणावर जे चालतं ते दुसऱ्यावर बरोबर उलटं! आणि कॉम्बी मोडला दोन्ही एकदम चालू, त्यामुळे तिथे धातू पण नको आणि प्लास्टिक पण नको. हे एवढं वाक्य कोणी सांगितलं असतं तर आमच्या शेजारच्या वहिनींचा लसणीच्या पावाचा डबा वाचला असता.

मग मी तुळशीबागेत गेले नवीन भांडी घ्यायला. दुकानदार प्रत्येक वस्तूला "चालतंय ताई, घ्या", मेलामाइनच्या प्लेटलासुद्धा. मेलामाइन दिसतं चिनी मातीसारखं पण ते प्लास्टिकच, मायक्रोवेव्हमध्ये स्वतः तापतं आणि फॉर्माल्डिहाइड सोडू शकतं. दुसरा म्हणाला प्लास्टिकच्या डब्याच्या तळाला त्रिकोणात 5 आकडा आहे ना, मग सेफ. तो आकडा फक्त प्लास्टिक कुठलं ते सांगतो हो, तळाला लाटांची खूण किंवा मायक्रोवेव्ह सेफ असं लिहिलेलं असेल तरच घ्यावं. माझं मत विचाराल तर प्लास्टिकच्या भानगडीत पडूच नये, बोरोसिलिकेट म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेची दोन भांडी घ्या, फक्त तीही फ्रीजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये किंवा गरम काढून ओल्या ओट्यावर ठेवू नका, तडकतात.

घरातल्या जुन्या चिनी मातीच्या भांड्याची शंका असेल तर रिकामं भांडं आणि शेजारी कपभर पाणी ठेवून एक मिनिट लावायचं. पाणी तापलं, भांडं गार, तर ठीक. भांडंच तापलं तर ते लोणच्याला ठेवा. (सोनेरी-चंदेरी काठवाल्यांची ही परीक्षा घेऊ नका, ती नापासच आहेत. आणि पाण्याचा कप विसरू नका, मशीन रिकामं चालवायचं नसतं.)

पार्सलचा विषय तर वेगळाच. आमचा मुलगा हिंजवडीत, त्यांच्या पँट्रीत कोणीतरी पार्सल कागदासकट आत ठेवलं, कागदाला स्टेपलरची पिन, कागदाने पेट घेतला. असं झालं तर दार उघडायचं नाही, हवा मिळाली की भडकतं, बटण बंद करून प्लगचा स्विच बंद करायचा. उकडलेलं अंडं अख्खं तापवलं तर आत वाफ कोंडून फुटतं, कधी कधी बाहेर काढून दात लावल्यावर. बाळाच्या दुधाची बाटली तर नकोच, बाटली कोमट लागते आणि आत मध्येच एखादा घोट चटका देणारा.

पण मला सगळ्यात भीती वाटते ती साध्या पाण्याची. मिस्टरांनी गुळगुळीत काचेच्या मगात नुसतं पाणी बराच वेळ लावलं, बुडबुडा नाही, वाफ जेमतेम, त्यांना वाटलं तापलंच नाही, कॉफीची पूड टाकली आणि अर्धा मग एकदम उसळून हातावर. पाणी 100 डिग्रीच्या वर जाऊनही शांत बसतं, कारण गुळगुळीत मगात बुडबुडा धरायला जागा नसते, आणि पूड पडली की सगळं एकदम उकळतं. आता आम्ही मगात लाकडी काडी ठेवतो, थोडं थोडं तापवतो आणि काढायच्या आधी अर्धा मिनिट थांबतो.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी रेसिपीच्या वर दोन ओळी छापा, मोड कुठला आणि भांडं कुठलं.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे

ता. क. त्या सेटमधले उरलेले पाच कप सासूबाईंनी परत शोकेसमध्ये ठेवलेत, किल्ली त्यांच्याकडे आहे.