मे महिन्यात यायच्या आधी: खालच्या काका-काकूंविषयी

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं की तुझे घरमालक, नवरा इंग्रज आणि बायको फ्रेंच, त्यांच्या घरात चालतं तरी कसं, आणि मी घाईत "छान चालतं" म्हणून फोन ठेवला. आई नक्की म्हणाली असणार, बघा, काहीतरी लपवतेय. काही लपवत नाहीये गं. नीट सांगायचं होतं आणि फोनवर आवाज सारखा कट होतो, म्हणून आज रविवार बघून कुकर लावलाय आणि टाइप करत बसलेय. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगा, बाबांनी मोबाईलवर डोळे फोडू नयेत.

मी राहते ते कोलोमिए म्हणजे फ्रान्समधल्या टुलूझच्या पश्चिमेला, खाली ते दोघं, म्हणजे माझे काका-काकू, वर मी. इंग्रज-फ्रेंच जोडपी इथे पैशाला पासरी आहेत आणि त्याला कारण विमानं. एअरबस कंपनीच्या विमानांच्या पंखांचं डिझाईन ब्रिस्टलजवळ फिल्टनला, पंख बनतात वेल्समधल्या ब्रॉटनला, तिथून बेलुगा नावाच्या त्या ढेरपोट्या विमानात घालून इकडे आणतात, आणि इतकी वर्षं पंखांबरोबर इंजिनियरपण येत राहिले, काही इथलेच जावई झाले. आमचे काका त्यातलेच. फिल्टनला अप्रेंटिस होते, ९ एप्रिल १९६९ ला ब्रिटनमधल्या काँकॉर्डने, म्हणजे आवाजापेक्षा वेगात उडणाऱ्या त्या प्रवासी विमानाने, पहिलं उड्डाण केलं तेव्हा कुंपणापाशी उभे राहून बघितलंय म्हणतात. पण फ्रान्समधलं काँकॉर्ड इथून टुलूझहून त्याच्या आधी, २ मार्चलाच उडालं होतं आणि काकू तेव्हा शाळकरी होत्या, रविवार असूनही सगळी शाळा मैदानात आली होती म्हणे. एवढी वर्षं झाली तरी जेवताना विषय निघाला की काकू फक्त "दोन मार्च" एवढंच म्हणतात आणि वाढायला लागतात. बाबा, ब्लान्याकला एरोस्कोपिया म्हणून म्युझियम आहे, तिथे दोन-दोन काँकॉर्ड ठेवलीत. तुम्ही आयुष्य ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग विमानांवर काढलं हे मी काकांना सांगून ठेवलंय, त्यामुळे तुम्हाला तिथे न्यायचं त्यांनी ठरवूनच टाकलंय, डबा बरोबर द्यावा लागेल बहुतेक.

आता घरात कसं चालतं ते. मला जे दिसतं ते असं, की दोघांनीही आपलं आपलं काही सोडलेलं नाही आणि दुसऱ्याचं धड शिकूनही घेतलेलं नाही. एकाचा छंद चालू असला की दुसरा शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि नावं ठेवतो. पण बसतो हं, उठून आत जात नाही.

बागेचंच बघा. मागे जागा तशी बेताचीच, मधोमध पायवाट, डावीकडे काकूंचं, उजवीकडे काकांचं. काकू कॅलेंडर बघून पेरतात. ११, १२, १३ मे या तीन दिवसांना इथे 'बर्फाचे संत' म्हणतात, त्या दिवसांत थंडी एकदा परत फिरून येते असं जुनी माणसं मानतात, त्यामुळे ते सरल्याशिवाय टोमॅटोची रोपं बाहेर लावायची नाहीत, आपल्याकडे मृग लागल्याशिवाय हात लावत नाहीत तसंच. काका मोबाईलवर हवामान बघतात, हसतात आणि आधीच लावून मोकळे होतात. मागच्या वर्षी गारठ्याने काकांची रोपं काळी पडली, काकू काहीही बोलल्या नाहीत, आपल्यातली उरलेली चार रोपं पायवाटेच्या त्या बाजूला ठेवून आल्या. शेंगांचं वेगळंच. काका रनर बीन्स लावतात, लाल फुलांचा उंच वेल, कोवळ्या शेंगा चिरून उकडून खायच्या. इथल्या उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या वर गेला की फुलं येतात पण शेंग धरत नाही, त्यात 'ओतां' नावाचं वारं सुटलं की सगळा मांडव आडवा. काकू म्हणतात तो शोभेचा वेल आहे, छान दिसतो, राहू दे. त्यांचा घेवडा तार्ब गावचा, पांढरा, मोठा, मक्याच्या ताटावर चढवतात आणि शेंगा वाळेपर्यंत तोडत नाहीत, कारण दाणेच हवे असतात, कासुले नावाच्या इथल्या पदार्थाला. आई, तू ही बाग बघशील तेव्हा काकूंच्या बाजूने बोलशील हे मला आत्ताच दिसतंय. फक्त काकांची ऱ्हुबार्ब अळू समजून तोडू नकोस, पानं विषारी असतात, देठ तेवढे खातात साखर घालून.

कासुले तुम्हाला देणार नाहीत, काळजी नको, त्यात बदक आणि डुकराचं सॉसेज असतं आणि मी सगळं सांगून ठेवलंय. काकू तुमच्यासाठी अलिगो करणार आहेत, बटाट्याच्या लगद्यात ताजं चीज घालून इतकं घोटतात की डाव वर उचलला की हातभर तार येते. जेवायच्या वेळा मात्र पाळाव्या लागतील. दुपारी साडेबाराला टेबलावर, रात्री आठला, मधे काकांचा चारचा चहा दुधाचा, तो चुकला तर काका दिवसभर गप्प. चीज गोडाच्या आधी की नंतर यावर दोन देशांचं एकमत नाही, काकू आधी आणतात, काका आपला तुकडा बाजूला ठेवून नंतर खातात. जानेवारीत काका कडू संत्र्यांचा मार्मालेड करतात, तेव्हा दोन दिवस घरभर वास आणि सगळ्या भांड्यांचा चिकटा, काकू दोन दिवस माझ्याकडे वर येऊन बसतात. धिरडी मात्र दोन्हीकडे. फ्रेंच लोक २ फेब्रुवारीला करतात, इंग्रज लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांच्या, आदल्या मंगळवारी, मग या घरात दोनदा होतात, आणि दोन्ही वेळा मला बोलावणं असतं.

बाबा, तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय, पेतांक. लोखंडी गोळ्यांचा खेळ, तुम्ही चित्रात बघितला असेल, म्हातारे लोक झाडाखाली खेळतात तो. काकू त्यातल्या पट्टीच्या. एक छोटा लाकडी गोळा सहा ते दहा मीटरवर टाकायचा आणि आपले गोळे त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे, एकेक गोळा ६५० ते ८०० ग्रॅमचा. काही जण हळूच जवळ सरकवणारे असतात, काही दुसऱ्याचा गोळा नेमका टिपून उडवणारे, काकू दुसऱ्या जातीच्या. हा खेळ निघालाच मुळी गुडघ्यांमुळे, गेल्या शतकाच्या सुरुवातीला ला सिओता गावात एका खेळाडूला संधिवाताने पळत येऊन टाकता येईना, मग पाय जमिनीला टेकवून एका जागी उभं राहून टाकायचं असा नियम केला. वाकायलापण लागत नाही, दोरीला लोहचुंबक बांधलेलं मिळतं, उभ्याउभ्या सोडायचं, गोळा चिकटला की वर ओढायचा. तेव्हा गुडघ्याचं कारण चालणार नाही. काका खेळत नाहीत, खिशात टेप घेऊन उभे असतात आणि मिलिमीटरपर्यंत मोजतात, फिटरची सवय, त्यांचा निकाल अख्खं मैदान मानतं.

काकांचं स्वतःचं म्हणजे क्रिकेट. बागेतल्या शेडमध्ये रेडिओवर टेस्टची कॉमेंट्री लावून दिवस दिवस काहीतरी दुरुस्त करत बसतात. पाच दिवस खेळून निकाल नाही हे काकूंना अजून पटलेलं नाही. यावर काका ठेवणीतलं अस्त्र काढतात, १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट होतं, एकच सामना झाला आणि ब्रिटनने फ्रान्सला हरवलं, १५८ रनांनी. हरवणारी टीम डेव्हन-सॉमरसेटकडची, म्हणजे ब्रिस्टलच्या शेजारची, त्यामुळे जास्तच. गंमत म्हणजे फ्रान्सकडून खेळले ते बहुतेक पॅरिसमध्ये राहणारे इंग्रजच होते, हे काकूंनी शोधून काढलंय आणि तेही दरवेळी ऐकवतात. रग्बीला मात्र दोघं एका सोफ्यावर दोन टोकांना. २०२४ साली लिऑंच्या फ्रान्स-इंग्लंड मॅचला मीपण खाली होते, अगदी शेवटी इंग्लंड ३१-३० असं पुढे, आणि टुलूझच्याच रामोसने लांबून किक मारून ३३-३१ केलं. काका उठून भांडी घासायला गेले. पुढच्या वर्षी लंडनला इंग्लंड २६-२५ जिंकलं तेव्हा काकू भांड्यांकडे गेल्या, बोलायची गरज पडली नाही.

रात्री जेवणानंतर टीव्हीपेक्षा त्यांचा एक खेळ असतो. फ्रेंच टीव्हीवर आकडे आणि अक्षरांचा एक कार्यक्रम वर्षानुवर्षं चालायचा, त्यावरूनच ब्रिटनने १९८२ मध्ये काउंटडाउन नावाचा कार्यक्रम काढला. काकांनी मात्र तो फ्रेंच कार्यक्रम इकडे आल्यावरच बघितला. तर तेच घरी खेळतात. अक्षरांच्या फेरीत भाषेवरून भांडण, काका इंग्रजी शब्द चालवायला बघतात, पण आकड्यांच्या फेरीत सहा आकडे देतात आणि बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करून तीन आकडी संख्या गाठायची, तिथे भाषाच लागत नाही. मी मोबाईलवर तीस सेकंद लावते. बाबा, तुम्ही रोज संध्याकाळी टीव्हीवर चार माणसं एकदम ओरडताना बघता त्याऐवजी हे खेळून बघा, आईबरोबर खेळा, ती भजनी मंडळाचा हिशोब तोंडी करते, तुम्हाला हरवेल.

भांडणं होतात का, तर होतात, खिडक्यांवरून. उन्हाळ्यात सकाळी नऊलाच काकू सगळ्या लाकडी झडपा बंद करतात, घर थंड राहतं, आणि काका म्हणतात आयुष्यभर ढगात काढलं, आता ऊन आलंय तर बघू दे. मग शेडमध्ये जाऊन बसतात, तिथे झडप नाही.

आणि बाबांनी हळूच दुसरंही विचारलं होतं, काकांनी नागरिकत्व बदललं का. बदललं नाही, घेतलं. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या मतदानानंतर अर्ज केला, आता दोन पासपोर्ट आहेत, त्यांना ठेवता येतात. आपल्याला ठेवता येत नाहीत हे मला माहीत आहे आणि तुम्ही का विचारलं हेही माहीत आहे. ते तुम्ही इथे आल्यावर समोरासमोर बोलू, फोनवर नको आणि पत्रातही नको.

आता कामाचं. नगरपालिकेतून तुमच्यासाठी राहण्याचं पत्र काढायला मी अर्ज करतेय, त्याला सरकारी स्टॅम्प लागतो, मिळालं की कुरियर करते, त्याशिवाय व्हिसाची फाईल पुढे सरकणार नाही. मेडिकल इन्शुरन्स कमीत कमी तीस हजार युरोचा हवा, दादाला सांगा एजंटने काहीही दिलं तरी तो आकडा बघूनच पैसे भर. भेटल्यावर काकू गालाला गाल लावतील, दोनदा, बाबांनी दचकू नये, आधीच हात जोडले तरी चालेल. आई, तूप, पेढे, खवा काही आणू नकोस, दुधाचं आणि मटणाचं काहीच आणू देत नाहीत, विमानतळावर काढून टाकतील आणि तुझा जीव तुटेल. बी-बियाणं, कढीपत्त्याचं रोप तेही नाही, विचारूच नकोस. गोडा मसाला आण, जरा जास्तच, काकांना आमटी आवडते आणि माझा संपत आलाय.

तुमची,
बबडी

ता. क. बाबांच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून आणा.