आई-बाबा, तुमच्या येण्याबद्दल

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "आम्हाला तिकडं येऊन राहता येतं का गं, की नुसतं पाहुण्यासारखं?" मी विषय बदलला आणि तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

राहायला येण्याचा रस्ता आहे. १ मार्च २०२४ पासून जर्मनीने कायदा बदलला. त्या तारखेपासून पुढे ज्याला पहिल्यांदा ब्लू कार्ड, म्हणजे माझ्यासारख्या शिकलेल्या परदेशी नोकरदाराचा राहण्या-कामाचा परवाना, मिळालं, त्याच्या आई-वडिलांना इथे राहायला येण्यासाठी अर्ज करता येतो. मी आले ऑगस्ट २०२४ मध्ये. त्याआधीच्या दिवाळीत एक नोकरी हातची गेली तेव्हा मी किती रडले होते, आठवतं? ती मिळून कार्ड फेब्रुवारीत हातात आलं असतं, तर आज हे पत्रच लिहिता आलं नसतं.

पण अर्ज केला की परवाना मिळालाच असं नाही, ते अधिकाऱ्यांच्या हातात असतं. घर माणशी साधारण १२ चौरस मीटर हवं. माझं ३८ आहे, तिघांना कागदावर पुरतं. पगारातून तुमचा खर्च भागतो हेही मी दाखवू शकेन. अडतं ते आरोग्य विम्यापाशी. पंचावन्न वर्षांनंतर इथल्या सरकारी विमा योजनेत सहसा घेत नाहीत. उरतो खासगी विमा, आणि तिथे वय पाहतात, बाबांची शुगर पाहतात, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पाहतात. हप्ता किती मागतील या भीतीनेच मी इतके महिने गप्प राहिले. तुम्हाला आशा लावायची आणि मग पैशासाठी नाही म्हणायचं, हे मला सोसलं नसतं.

आणखी एक. ब्लू कार्डवाल्याच्या आई-वडिलांनी हा परवाना घेऊन सलग बारा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलं तर तो सहसा रद्द होतो. बाबा, ऑक्टोबर छाटणीपासून एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत तुमचा पाय द्राक्षबागेतून निघत नाही. ते सहा महिने या मुदतीत बसतात, पण दरवर्षी तुमची ओढाताण होईल. बाग दुसऱ्याला कसायला द्या असं मी म्हणणार नाही. तुम्हाला आपणहून वाटलं तरच.

म्हणून यंदा पाहुणे म्हणूनच या. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या पाहुण्यांच्या व्हिसावर, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, म्हणजे छाटणी उरकून जून ते ऑगस्टमधले ९० दिवस. तुमच्या खर्चाची हमी मी इथल्या कार्यालयात सही करून देईन. तुमच्याकडून किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा आणि तुम्ही परत जाणार हे पटवणारे कागद: पेन्शनचं पासबुक, घरपट्टीची पावती, बागेचा सातबारा. आई, सातबाऱ्याचं नाव काढलं की तुझ्या पोटात गोळा येईल. तो फक्त दाखवायचा असतो, या माणसांचं सगळं गावाला आहे म्हणून.

मामांना सांगा, दादासाठी ते ज्याचं विचारतात ते जर्मनीचं चान्सनकार्ट म्हणजे नोकरी नव्हे. वर्षभर इथे येऊन नोकरी शोधायची ती परवानगी. शिक्षण, अनुभव, भाषा, वय यांचे मिळून किमान ६ गुण लागतात, शोधताना आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि वर्षाच्या खर्चाची सोय आधी दाखवावी लागते. "नोकरी पक्की" म्हणून जो एजंट लाखांत पैसे मागतोय, त्याला एक रुपयाही देऊ नका. अर्ज दादाला स्वतः करता येतो. त्या पैशात त्याला जर्मन शिकू दे.

माझं म्हणाल तर येत्या मेमध्ये कामाचे २१ महिने भरतील. जर्मन भाषेची बी-१ (मधल्या पातळीची) परीक्षा पास झाले की कायम वास्तव्याचा परवाना मागता येईल. रात्री जेवण झालं की अभ्यासाला बसते.

बाबा, तुमच्या दोघांचे शेवटचे सगळे रिपोर्ट फोटो काढून पाठवा, हृदयाचा तपासही. मी इथल्या विमा कंपन्यांकडून हप्त्याचा नेमका आकडा काढते, म्हणजे पुढच्या वर्षाचं अंदाजावर बोलायला नको. आणि पासपोर्टची मुदत बघा. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने शिल्लक हवी. आईचा लवकर संपतोय असं मला आठवतं. कपाटात वरच्या कप्प्यात, लाल पिशवीत आहे.

तुमची,
मनू