लिफ्ट किट बसवल्यापासून भरल्या पिकअपचे मागचे ब्रेक नीट लागत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : गाडी दोन इंच उंच करणाऱ्या लिफ्ट किटमुळे ब्रेक कमजोर होणे व मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटणे, पैसे परत मिळणे व इतर मालकांना सावध करणे याबाबत.

महोदय,

मी वरूड तालुक्यातला संत्रा उत्पादक. गेल्या मे महिन्यात तुमच्या नागपूरच्या अधिकृत विक्रेत्याकडून माझ्या फोर बाय फोर पिकअपला तुमचं लिफ्ट किट बसवून घेतलं. बसवणावळीसह ४६,००० रुपये दिले, पक्कं बिल आहे. पैसे देण्याआधी मी एकच गोष्ट दोनदा विचारली होती. पावसाळ्यात गाडी पांदणीतून वावरात गेली पाहिजे आणि आंबिया बहराची संत्री तोडायला आली की त्याच गाडीतून माल नागपूरच्या कळमना बाजारात न्यायचा आहे, दोन्ही जमेल का? "भाऊ, डोळे झाकून लावा. गाडी उंच बी होते अन् लोडले दमदार बी होते," असं उत्तर मिळालं. तुमच्या माहितीपत्रकातही 'ऑफ-रोड आणि लोड, दोन्हींसाठी' असंच छापलं आहे. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे.

नोव्हेंबरात ५० क्रेट भरून निघालो. काटोलच्या अलीकडे वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. ब्रेक पूर्ण दाबला, गाडीचं नाक खाली गेलं, पण गाडी थांबायला तयार नाही. शेवटच्या शेळीपासून दोन हातांवर थांबली. काठी धरून एक दहा-बारा वर्षांचा पोरगा मधोमध उभा होता. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

खाली उतरलो तर पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. गावाकडच्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, मागच्या ड्रमला हात लावून पाहा. भीत भीत बोट टेकवलं, तर ड्रम कोमटसुद्धा नव्हता. "म्हणजे मागचे ब्रेक लागूनच नाही राह्यले भाऊ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी त्याच्याकडे नेली. मागच्या आसापासून चासीपर्यंत एक बारीक दांडी जाते. ती ब्रेकच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी भरली की बॉडी खाली बसते, दांडीचा कोन बदलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की कमी देतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन घसरत नाहीत. तुम्ही आस आणि पाट्यांच्या मध्ये दोन इंचांचा, म्हणजे पाच सेंमीचा ठोकळा घातला, पण त्या दांडीला हात लावला नाही. मी टेप घेऊन मोजलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत रिकाम्या गाडीत ५७ सेंमी, भरल्यावर ४९. गाडी आठ सेंमी बसली. त्यातले पाच सेंमी ठोकळ्यानेच खाल्ले, म्हणजे व्हॉल्व्हला बसलेली दिसली ती फक्त तीन सेंमी. टनभर माल असताना माझी गाडी व्हॉल्व्हच्या हिशेबात बरीचशी रिकामीच होती. किटच्या पेटीत या दांडीसाठी ना एखादी पट्टी होती, ना सूचनापत्रात एक ओळ.

तेच माप आणखी एक गोष्ट सांगतं. किट लावण्याआधी मिस्त्रीने वहीत लिहून ठेवलं होतं : रिकामी ५२, भरलेली ४४. तेव्हाही आठच सेंमी. म्हणजे पाटे होते तेच आहेत, त्यांची ताकद कणभर वाढलेली नाही. ठोकळ्याने फक्त गाडी वर उचलली. मग 'लोडसाठी' हा शब्द तुम्ही कशाच्या जोरावर छापला?

उलट पाट्यांचं नुकसानच झालं. गाडी वर गेली तसं बंप स्टॉपच्या (आस चासीवर आदळू नये म्हणून असलेल्या) रबराचं अंतरही पाच सेंमीने वाढलं. पूर्वी पाटा उलटा वाकायच्या आत रबर टेकायचं, आता पाटा उलटा वाकेपर्यंत टेकत नाही. डिसेंबरात भरली गाडी नाल्यातून वर काढताना मागे धाडकन आवाज झाला आणि डाव्या बाजूचा मुख्य पाटा मोडला. उघडून पाहिलं तर ठोकळ्याच्या कडेला घासून चकाकणारी रेघ पडलेली, पाटे आसाला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट सैल झालेले. पहिल्या भरल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, एवढंही कुणी सांगितलं नव्हतं.

पांदणीचंही सांगतो. नाल्यात उतरताना आता बंपर टेकत नाही, हे मान्य. पण काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा घासतो तो डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या, गोळ्याला. गोळा आसालाच असतो, सस्पेन्शन कितीही उचललं तरी तो जमिनीपासून तेवढाच राहतो. त्याला मोठे टायर लागतात. हे विक्रेत्याला ठाऊक असणारच, तरी मला सांगितलं नाही. गाडीत असा बदल करताना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते का, हा विषयही त्याने काढला नाही.

तुमच्या कार्यालयातून फोनवर उत्तर मिळालं, "ओव्हरलोड केलं असेल, वॉरंटी लागू नाही." भरल्या गाडीची धरमकाट्यावरची पावती सोबत जोडली आहे. चालकासह एकूण वजन आरसीवरच्या मर्यादेच्या आत आहे. ओव्हरलोडचा आरोप करण्याआधी निदान ती पावती तरी मागायची होती.

किटचे व बसवणावळीचे ४६,००० रुपये आणि नव्या पाट्याचा, ब्रेक पॅडचा खर्च ९,२०० रुपये मला परत द्या. तुमच्या खर्चाने किट काढून गाडी मूळ उंचीवर आणा. आणि ज्या मालवाहू गाड्यांना हे किट लावलं आहे, त्या सगळ्या मालकांना व्हॉल्व्हबद्दल आजच फोन करा. हे मी माझ्या पैशांच्याही आधी मागतो आहे. आमच्याच भागातल्या दोघांनी हेच किट लावलं आहे, त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. बाकीचे कुठे कुठे आहेत ते तुमच्या बिलबुकातच सापडतील.

१५ दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय त्याच कायद्यात आहे. बिल, काट्याची पावती आणि मापाचे फोटो सोबत आहेत. मोडलेला पाटा आणि ठोकळे घरी जपून ठेवले आहेत. तुमचा माणूस पाहायला आला तर टेप लावून सगळं समोर मोजून दाखवतो.

आपला,
एक संत्रा उत्पादक ग्राहक
ता. वरूड, जि. अमरावती