जॅकेट बाकाखाली कशाला?

महोदय,
१८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची वेगवान बोट एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हा अनेक प्रवाशांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. पुढे सक्ती झाली. तरी स्पीडबोटीत ‘पोहता येतं ना?’ एवढेच विचारून पर्यटकांना बसवणारे भेटतातच. वेगातली बोट लाटेवर उसळली की माणूस बाहेर फेकला जातो, डोके आपटून शुद्धही हरपते. मग पोहणे काय कामाचे? पट्टे आवळलेले नसतील तर जॅकेट डोक्यावरून निघून जाते. चालकानेही इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवावी, नाहीतर तो पडल्यावर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. फोटोत जाड दिसतो म्हणून जॅकेट काढणाऱ्यांना बंदर निरीक्षकांनी जेटीवरूनच परत पाठवावे.
– एक वाचक, अलिबाग