वनमंत्र्यांना खुले पत्र : सडा उजाड नाही, तेथे खड्डे खणू नका

माननीय वनमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

दक्षिण कोकणातील एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आम्ही आखून ठेवलेले संशोधनाचे बहुतेक चौरस यंदा मे महिन्याच्या अखेरीस जेसीबीने उखडले गेले आणि पहिल्या पावसाबरोबर तेथे ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे लावली गेली. हे काम वृक्षलागवडीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी एका सरकारी यंत्रणेने केले. तिचे नाव, जमिनीचा गट क्रमांक आणि छायाचित्रे मी आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्र अर्जासोबत पाठवली आहेत. हा सडा लागवडीतून वगळला जाईल असे आश्वासन मला गेल्या वर्षी एका बैठकीत सर्वांसमक्ष देण्यात आले होते. त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मी वारंवार मागितली, ती आजतागायत मिळालेली नाही. आता विचारणा केली असता ‘असा विषय झाल्याचे आढळून येत नाही’ असे उत्तर मिळते. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

गावाच्या गुरचरण जमिनीवर, ग्रामपंचायतीची आणि संबंधित खात्यांची परवानगी घेऊन, आम्ही जांभ्याच्या कातळावर लहान लहान चौरस आखले होते. काही चौरसांत दरवर्षी येणारा वणवा येऊ द्यायचा, काहींभोवती जाळपट्टा काढून तो अडवायचा, काहींत गुरे चरू द्यायची, काहींत कुंपण घालायचे, आणि प्रत्येक चौरसात कोणती वनस्पती उगवते, किती फुलते, बी धरते की नाही याची पावसाळाभर नोंद ठेवायची, असे ते काम होते. प्रश्न साधा होता आणि आपल्या खात्याच्या रोजच्या कामाचा होता. सड्यावरचा वणवा सरसकट वाईट, की कधी, किती वर्षांनी आणि कोणत्या महिन्यात लागला यावर त्याचे बरेवाईट ठरते? कोकणात दर उन्हाळ्यात वणव्यांत आंब्या-काजूच्या बागा जळतात आणि दर उन्हाळ्यात वणवामुक्तीची पत्रके निघतात. या प्रश्नाचे सड्यापुरते उत्तर देऊ शकेल अशी नोंद आमच्या हाती हळूहळू जमत होती. त्या नोंदीची बहुतेक जागाच आता उरलेली नाही. कागदावरच्या जुन्या नोंदी आहेत, पण ज्या चौरसाशी त्या ताडून पाहायच्या तोच खणला गेल्यावर पुढची नोंद कशाची ठेवायची?

महोदय, आपल्या यंत्रणेला तेथे काहीच दिसले नाही, कारण ती तेथे मे महिन्यात गेली. मेमध्ये सडा काळपट, तापलेला आणि ओसाड दिसतो, तळपाय टेकवत नाही. त्याच कातळाच्या फटीत, चार बोटे मातीखाली, दीपकाडीचा कंद असतो. पाऊस स्थिरावताच तिची पांढरी फुले येतात आणि ही वनस्पती कोकणपट्टीच्या बाहेर जवळपास कोठेही नाही. त्यामागून सखल जागी पाणी साचते आणि डबक्यांच्या कडेने गेंद ही वनस्पती उभी राहते, ओलसर मातीच्या पातळ थरावर सीतेची आसवे निळी-जांभळी पसरतात, कवल्याची पिवळी फुले येतात, खडकाच्या खाचेत दवबिंदू या वनस्पतीची लालसर चिकट पाने चिलटे धरताना दिसतात. ग्लायफोक्लोआ या गवताच्या गटातील जाती केवळ भारतीय द्वीपकल्पात आढळतात आणि त्यांतील अनेकींचे घर हे जांभ्याचे सडेच आहे. ऑक्टोबर सरता सरता यांतील बहुतेकांचे आयुष्य आटोपलेले असते आणि उन्हाळ्यात वणवा येतो तेव्हा ती बीच्या किंवा कंदाच्या रूपाने जमिनीत असतात. आग त्यांना कितपत पोचते, हेच तर आम्ही मोजत होतो.

दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती आहेत. त्या कीटक का खातात, हे समजून घेतले असते तर आपल्या अधिकाऱ्यांनी तेथे बाभूळ लावलीच नसती. सड्यावर सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, मातीचा थर अगदी पातळ असतो आणि त्यातील नत्र पाण्याबरोबर वाहून जाते. अशा भुकेल्या जमिनीत इतर झाडोरा तग धरत नाही, म्हणून कीटकांतून नत्र मिळवणाऱ्या या इवल्याशा वनस्पतींना तेथे उन्हाची मोकळी जागा मिळते. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत आणतात, तिचा पाला खाली जाड थराने साचतो आणि तिची सावली पडते. नत्र, पाला आणि सावली या तिन्ही गोष्टी त्या वनस्पतींना मारक आहेत. शिवाय खड्ड्यांत भरायला बाहेरून माती आणली गेली, तिच्याबरोबर रानमोडीचे आणि इतर तणांचे बीही आले असणार. रोपे उन्हाळ्यात मेली तरी ही माती तेथेच राहील, आणि रोपे जगली तर त्याहून वाईट होईल.

जनावरांचेही तसेच. सड्यावर सुटे पडलेले जांभ्याचे दगड हीच तेथील घरे आहेत. एक दगड अलगद उलटावा तर खाली विंचू असतो, कधी फुरसे असते, म्हणून आम्ही आकड्याच्या काठीशिवाय दगडाला हात लावत नाही, आणि पाहून झाल्यावर तो होता तसा, त्याच बाजूने, त्याच खाचेत परत ठेवतो. अशाच दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक लहान पाल राहते. ती १९६३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातूनच शास्त्राला प्रथम माहीत झाली आणि तिचा सारा संसार या कोकणी सड्यांपुरताच आहे. जेसीबीच्या चालकाने हे दगड ढकलून एका कडेला ढीग घातला आणि खड्ड्यांभोवती बांध म्हणून रचले. त्याला मी दोष देत नाही, त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि मे महिना हा त्यांच्या विणीच्या काळातला आहे, हे मात्र लागवडीचा आराखडा करणाऱ्याला ठाऊक असायला हवे होते.

माझ्या विद्यार्थिनीचा पीएच.डी.चा प्रबंध या चौरसांवर उभा होता. तिची शिष्यवृत्ती संपत आली आहे, वय पुढे सरकते आहे, घरचे लग्नाचे विचारतात, आणि तिला आता विषय बदलण्याचा सल्ला देण्यापलीकडे माझ्या हाती काही नाही. मी स्वतः सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. गुडघे कुरकुरतात, तरी भर पावसात कातळावर ओणवे होऊन रोपे मोजण्याचे काम मी कोणावर सोपवले नाही, कारण एका अंगठ्याएवढ्या गेंदाची जात ओळखायला भिंग लागते आणि सराव लागतो. लोखंडी खुंट्या, दोर, जाळपट्ट्याची मजुरी, कुंपण, यांचा बराचसा खर्च पगारातून झाला, कारण अनुदान मंजूर होऊन हाती पडेपर्यंत हंगाम निघून जातो. माझ्या शास्त्राचा हंगाम चार महिन्यांचा आहे आणि सरकारी वर्ष मार्चअखेरीचे आहे. ही दोन पंचांगे कधी जुळलीच नाहीत. उखडलेल्या खुंट्या मी ढिगाऱ्यातून वेचून आणल्या तेव्हा तेथील पर्यवेक्षक मला म्हणाला, ‘बाई, गवतासाठी एवढं काय रडायचं, आम्ही झाडं लावतोय ना.’ त्या वाक्याने मला झोप लागलेली नाही. त्या माणसाचा त्यात काही अपराध नाही, त्याला हेच शिकवले गेले आहे.

मला एक गवताची काडी नमुना म्हणून उचलायची असेल तर अर्ज, शिफारसपत्र, हमीपत्र, प्रगती अहवाल आणि मुदतवाढीचा पुन्हा अर्ज एवढे सारे करावे लागते, आणि मी ते निमूटपणे करते, कारण जैवविविधतेचे कायदे मला पटतात. त्याच सड्यावर जेसीबी चढवायला कोणत्या वनस्पतिशास्त्रज्ञाचा अभिप्राय घेतला गेला? कोणत्या महिन्यात पाहणी झाली? तेथे आधी काय होते, याची एका पानाची तरी यादी केली गेली का? संशोधकाला एक काडी उचलण्यासाठी इतकी बंधने आणि अख्खा सडा खणणाऱ्याला एकही नाही, हा कोणता न्याय आहे?

दीर्घकाळ चालणारे असे प्रयोग इतर ठिकाणी डोळ्यांत तेल घालून जपले जातात. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून ठरावीक तुकडे ठरावीक कालांतराने जाळून त्यांच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. सरकारे बदलली, देशाची घटना बदलली, तुकडे तेथेच आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत लाँगलीफ पाइनची विरळ, गवताळ अरण्ये एकेकाळी सुमारे नऊ कोटी एकरांवर होती. तोड आणि शेतीबरोबरच, आग म्हणजे शत्रू असे धरून ती विझवत राहिल्याने ती तीन टक्क्यांच्या आसपास उरली. आता तेथे वनखातीच दोन-तीन वर्षांनी नियंत्रित आग लावतात, कारण त्या आगीवाचून तळाचे गवत, बिळे करणारे कासव आणि जिवंत पाइनमध्ये ढोली कोरणारा सुतारपक्षी टिकत नाहीत हे अभ्यासातून सिद्ध झाले. आपल्याकडेही तमिळनाडूतील मुदुमलाईत १९८८ पासून पन्नास हेक्टरांतील प्रत्येक झाडाची नोंद भारतीय विज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ठेवत आले आहेत, आणि कोणत्या वर्षी कोठवर वणवा आला हेही त्यात आहे. म्हणजे हे आपल्या देशात जमते. महाराष्ट्रात का जमत नाही, याचे उत्तर मला आपल्याकडून हवे आहे.

माझ्या मते त्याचे कारण झाडे मोजण्याच्या आपल्या हव्यासात आहे. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी, २०१९ मध्ये तेहतीस कोटी अशी उद्दिष्टे या राज्याने जाहीर केली. तेव्हापासून आजवर प्रत्येक तालुक्याला मोकळी जमीन शोधण्याची घाई लागलेली आहे. मोकळी जमीन म्हणजे काय, तर माळ, गायरान आणि सडा. सातबाऱ्यावर कातळ ‘पोटखराबा’ म्हणून लागतो, केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात खडकाळ आणि झुडपी जमीन पडीक म्हणून रंगवली जाते, आणि वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टरावर दहा टक्के छत्र भरले की ते वनाच्छादन ठरते, मग ते छत्र देवराईचे असो की ऑस्ट्रेलियन बाभळीचे. सड्यावर बाभूळ लावली की पडीक जमीन घटते आणि वनाच्छादन वाढते, आणि नष्ट झालेल्या सड्याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. २०२३ च्या हरित पत (ग्रीन क्रेडिट) नियमांनी, म्हणजे झाडे लावणाऱ्याला विकता येणारी पत देणाऱ्या नियमांनी, तर या हिशेबाला बाजार जोडून दिला. फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. सड्यावर हेक्टरी ११०० झाडे म्हणजे सड्याचा मृत्यू आहे, आणि त्यावर पत मिळणार होती!

सोलापूरच्या माळढोकाचे काय झाले ते आपण जाणताच. १९७९ मध्ये अभयारण्य झाले, पण माळरानात गिरिपुष्पाची लागवडही झाली, आणि ज्या पक्ष्याला क्षितिजापर्यंत उघडे रान लागते त्याच्या रानात झाडांच्या भिंती उभ्या राहिल्या. पुढे अभयारण्याचे क्षेत्र कापले गेले आणि पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला. त्यात शेती, रस्ते, विजेच्या तारा यांचाही वाटा आहे, परंतु माळ म्हणजे उणे जंगल ही समजूत त्या सगळ्याच्या मुळाशी होती. तीच समजूत आता कातळावर चढली आहे.

पश्चिम घाटाच्या बाबतीतही हेच. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये दिला, मग घाटातले पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचे मसुद्यावर मसुदे निघत राहिले, सहावा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. प्रत्येक मसुद्यावर हरकती मागवल्या जातात, प्रत्येक वेळी आम्ही त्या लिहितो आणि प्रत्येक वेळी मुदत उलटून जाते. दरम्यान चिरेखाणी वाढतात, सुरुंग लावून कातळ फोडला जातो, आणि उरलेल्या तुकड्यावर सरकार झाडे लावते. या राज्यात निसर्गाविषयीचा निर्णय निसर्गाची माहिती असलेल्या माणसाला शेवटी विचारून, किंवा न विचारताच घेतला जातो. यात पक्षाचा प्रश्न नाही, मी सगळ्यांच्या राजवटी पाहिल्या आहेत.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. आमच्या चौरसांत लावलेली रोपे मुळे खोल जाण्याआधी, याच पावसाळ्यात, हाताने काढू द्यावीत. यंत्र पुन्हा आणू नये. बाहेरून आणलेली माती उचलावी आणि ढीग घातलेले दगड आमच्या नोंदींच्या आधारे परत पसरवू द्यावेत, त्यासाठी मी आणि माझे विद्यार्थी विनामोबदला येऊ. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सडे वृक्षलागवडीच्या जमिनींच्या यादीतून लेखी आदेशाने वगळावेत. कोणत्याही माळावर वा सड्यावर लागवड ठरवण्यापूर्वी जुलै ते सप्टेंबर या काळात वनस्पतींची पाहणी बंधनकारक करावी. आणि जेथे जेथे परवानगीने दीर्घकालीन अभ्यास चालू आहेत त्या जागा महसूल आणि वन या दोन्ही खात्यांच्या नकाशांवर नोंदवाव्यात, म्हणजे अधिकारी बदलला तरी जागा बदलणार नाही.

वाचलेल्या चौरसांत, कुंपणाबाहेरच्या कोपऱ्यात, अजून काही खुंट्या उभ्या आहेत. तेथील मोजणी सप्टेंबरमध्ये आहे. त्याआधी तेथे दुसऱ्या टप्प्याची लागवड होणार असल्याचे गावात सांगितले जात आहे. ती होणार नाही, एवढे एक वाक्य आपल्या सहीने मला ऑगस्ट संपण्यापूर्वी मिळावे. तोंडी आश्वासन मी आता स्वीकारणार नाही.

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्राची एक प्राध्यापिका, दक्षिण कोकण