निवेदन दिले, पण कोणत्या रेल्वेला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींचा फोटो पाहिला. 'कोकणच्या रेल्वे प्रश्नांसाठी आग्रही भूमिका', 'लवकरच सकारात्मक निर्णय' वगैरे वगैरे. फोटोत ओळीने उभ्या असलेल्या मंडळींची नावे पदांसकट छापली आहेत, शाखाध्यक्षसुद्धा सुटलेला नाही. मागण्या मात्र दीड वाक्यात उरकल्या: सावंतवाडी टर्मिनस, जादा थांबे आणि आता दिव्यालाच संपणारी कोकणची पॅसेंजर पुन्हा दादरपर्यंत.

या शेवटच्या मागणीचे निवेदन याच साहेबांच्या हातून एकदा दिले गेले आहे. तेव्हा मी तिथे होतो.

आमच्या मुंबई मंडळाचे काही जण गेलो होतो. साहेबांच्या पीएने आधीच फोनवर बजावले होते, "मजकूर तुम्हीच टाइप करून आणा, लेटरहेड आम्ही देऊ. आणि येताना शाल-गुच्छ घेऊन या." म्हणजे अडचण आमची, मजकूर आमचा आणि गुच्छही आमचाच. ठीक आहे, काम होणार असेल तर गुच्छाचे काय एवढे! साहेब तास-दीड तास उशिरा आले. गाडीतून उतरतानाच त्यांनी विचारले, "विषय काय आहे आपला?" मग आत गेलो, कोकण रेल्वेच्या अधिकाऱ्यांना शाल घातली, फोटो झाला. अधिकारी सज्जन होते. त्यांनी कागद वाचला आणि शांतपणे सांगितले की आमची हद्द रोह्यापासून पुढे, दिवा ते दादर हा मध्य रेल्वेचा विषय, तिकडे द्यावे लागेल. साहेबांनी मान डोलावली, "बघतो" म्हणाले आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. आमच्यातले एक म्हातारे गृहस्थ जिन्यात थांबून म्हणाले, "मगे आमी हय इलव कित्याक?" याचे उत्तर पीएकडेही नव्हते. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, त्यात आम्ही कापले गेलो होतो. गुच्छ तेवढा छान आला होता.

ते निवेदन पुढे मध्य रेल्वेकडे गेले की नाही, हे आजतागायत कोणी सांगितलेले नाही. विचारले की "पाठपुरावा सुरू आहे".

दादर का हवे, हे दिव्याला सामान घेऊन उतरल्याशिवाय कळायचे नाही. वसई-विरारचा माणूस दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची लोकल पकडायचा. आता तोच माणूस तांदळाची गोण, फणस आणि म्हातारी आई यांना घेऊन दिव्याच्या जिन्यावर चढतो आणि आधीच भरून आलेल्या लोकलमध्ये शिरायला बघतो. डब्यातले लोक ओरडतात, त्यांचेही चुकत नाही.

लोकप्रतिनिधींनी निवेदने देऊ नयेत, असे माझे म्हणणे नाही. मधू दंडवते 1971 पासून सलग पाच वेळा राजापूरमधून निवडून आले, तेही कोकण रेल्वे मागतच होते. पण कुठली फाईल कुठल्या खात्यात अडली आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. आणि 1998 साली पूर्ण मार्गावर गाडी धावली. आताच्या मंडळींना आपली पॅसेंजर कोणाच्या रुळांवर धावते एवढे जरी ठाऊक असले तरी आम्ही धन्य होऊ. सावंतवाडी टर्मिनसचे भूमिपूजन 2015 साली झाले, त्याबद्दल काय बोलावे! मळगावच्या त्या स्टेशनवर पावसात उभे राहून बघावे एकदा.

मे 2025 मध्ये राज्य सरकारने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. 'कोकण रेल्वे' हे नाव राहू द्या आणि राज्याने घातलेले 396 कोटी परत करा, अशा अटी घातल्या. दोन्ही रास्तच आहेत. त्याच वेळी पॅसेंजरचाही विषय सोबत लावून धरावा, असे फोटोतल्या एकाला तरी सुचले का?

तेव्हा पुढच्या वेळी निवेदनाची बातमी छापाल तेव्हा ते कोणत्या कार्यालयात दिले आणि मागच्या निवेदनाला लेखी उत्तर काय आले, एवढे दोन प्रश्न आपल्या वार्ताहराने साहेबांना विचारावेत. उत्तर नसेल तर तसे छापावे.

जाता जाता, आपल्या अंकाबद्दलही एक तक्रार आहे. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक पूर्वी आपल्या अंकात वेळेत आणि चौकटीत यायचे, आम्ही ते कापून कपाटाच्या दाराला चिकटवत असू. गेल्या वर्षी ते आले तेव्हा गाड्यांच्या वेळा बदलून आठवडा उलटला होता. त्या आठवड्यात कोणाकोणाच्या वाढदिवसाच्या अर्ध्या-अर्ध्या पानाच्या शुभेच्छा मात्र नियमित होत्या. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात छापावे, ही विनंती. अक्षर जरा मोठे ठेवा.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (मूळ गाव ता. वैभववाडी)